लोकऱ्याची अर्धी ओवी

धुळूने माझ्या दुकानात कधी एकही चहा संपवला नाही. अर्धा कप झाला की त्याची बोटं कपाच्या कडेवर काहीतरी वाजवायला लागायची, मग तो उठायचा आणि निघून जायचा. भाकरी अर्धी, गाणं ऐकणं अर्धं, वाक्यसुद्धा अर्धंच. "काका, त्ये गाणं म्हंजी कसं व्हतं सांगू का..." एवढं बोलून तो बाहेर उभ्या असलेल्या ट्रकच्या इंजिनाकडे कान लावून बसायचा. ते गाणं कसं होतं ते आपलं आपण ठरवायचं. माझ्यासारख्या तापट माणसाला असला पोरगा डोळ्यासमोर नकोसा व्हायला हवा होता. पण तो चार दिवस फिरकला नाही की मलाच करमायचं नाही.

घोडेगावला एसटी स्टँडच्या मागे माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे व्हिडिओ, बारशाचे अल्बम आणि पासपोर्ट फोटो असा आमचा धंदा. मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकून मी रेकॉर्डिंगची सोय केली होती, रिक्षावरून फिरवायच्या जाहिरातींसाठी. धुळू पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला सवयीने स्टुलावर बसवलं, मान सरळ कर म्हटलं आणि फोटो काढला. तोही गुमान बसला. फोटो हातात दिल्यावर म्हणाला, "फोटो नगं व्हता काका. मला गायचंय."

"मग आधी का नाही बोललास?"

"तुमी बसवलं, मी बसलो."

घर धनगराचं. वडील कोंडिबा, त्यांना सगळे आप्पा म्हणत. शिनोलीच्या पुढे डोंगराच्या अंगाला त्यांचं घर होतं, पण ते पावसाळ्यापुरतं. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कोंबड्या, कुत्री असा सगळा वाडा निघायचा, वाटेत जुन्नरच्या बागायतदारांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा आणि माळशेज उतरून कोकणात जायचा. धुळूला शाळेसाठी शिनोलीत मावशीकडे ठेवलं होतं. सुट्टी लागली की तो वाड्याला जाऊन मिळायचा. खाली कल्याणच्या बाजूला नव्या इमारतींवर काम करणारी पोरं मोबाइलवर रॅप लावायची, ते त्याने मेंढरं चारता चारता ऐकलं. मी विचारलं, "तुला कळायचं का रे त्यातलं?"

"बोली न्हाई कळायची. राग कळायचा."

ताल कशावर धरतोस विचारलं, तर म्हणाला मेंढरांच्या चालण्यावर. मी हसलो. त्याने खुर्ची सोडून जमिनीवर उकिडवं बसून (तो खुर्चीवर कधी टिकलाच नाही) बोटांनी फरशीवर कळप डांबरी रस्त्यावरून चालवून दाखवला. मग तोच कळप घाटघरच्या कातळावरून नेला. मग वाघाचा वास लागल्यावर एकदम थांबवला. माझं हसू थांबलं.

कॉलेजात त्याला पोरं लोकऱ्या म्हणायची. थंडीत घोंगडी पांघरून येतो, अंगाला मेंढराचा वास येतो, म्हणून. एका गॅदरिंगला मी व्हिडिओ काढायला होतो. निवेदकाने धुळूचं नाव पुकारल्यावर मागून पोरांनी मेंढरासारखं ओरडायला सुरुवात केली. हा घोंगडी पांघरूनच स्टेजवर आला, माइकजवळ थांबला आणि त्यांचं ओरडणं पुरतं होऊ दिलं. मग म्हणाला, "मी लोकऱ्या," आणि सुरू झाला:

"वास येतो म्हणता? येणारच, लोकर हाय ही खरी,
थंडीत तुमीच मागाय येता घोंगडी आमच्या दारी.
घर न्हाई म्हणता? बघा की, रानभर हाय घर,
रातीला वाघर लावतो आमी, वाघ उभा भाईर."

वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. तिच्या पलीकडे बिबट्या उभा असतो आणि अलीकडे माणसं झोपतात, हे आमच्याकडच्या पोरांना सांगावं लागत नाही. एकाने शिट्टी मारली आणि मग सगळा मांडव नाचायला लागला. ओरडणारी पोरंच पुढे होती. गाणं मात्र त्याने मध्येच सोडलं. का रे, विचारलं, तर म्हणाला, "पुढचं अजून केलंच न्हाई."

आता आप्पांकडे येतो, कारण त्यांच्याशिवाय धुळू सांगताच येत नाही. आप्पा बिरोबाची ओवी गात. जत्रेत ढोल वाजायचे, आप्पा कानावर हात ठेवून ओळ टाकायचे आणि घाटघरकडचा भागा नावाचा त्यांचा जुना साथीदार ती शेवटाकडून उचलून पुन्हा म्हणायचा. ओवीतली देवाची गोष्ट अशी रात्रभर चालायची. आप्पांचा आवाज काही गोड नव्हता. पण त्यांनी पहिली हाक दिली की आपण कुठे उभे आहोत ते विसरायला व्हायचं, आणि हे मी देवधर्मात फारसा न पडणारा माणूस सांगतोय.

धुळूला ती पहिली हाक आपल्या गाण्यात हवी होती. तो आप्पांना एकदा स्टुडिओत घेऊन आला. आप्पांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, गाद्या ठोकलेल्या भिंती हाताने दाबून पाहिल्या आणि विचारलं, "हितं रातभर बसू देतील का?"

"रातभर कशाला आप्पा? सुरवातीचं तेवढं म्हणा. मिनिटभर."

आप्पांनी पागोटं पुन्हा डोक्यावर ठेवलं. रागावले नाहीत. समजावून सांगितल्यासारखं बोलले, "सुरवातीला देवाला घरातनं बोलवायचं असतंय. मग त्येला वाटंला लावायचं, डोंगर वलांडायचा, नदी वलांडायची, आन् जाग्यावर न्हेऊन बसवायचं. बोलावलं आन् आपुन निघून आलो, तर त्यो रानात उभा ऱ्हाईल का न्हाई? मांडल्यालं उठवाय लागतंय, बाळा." चहा शेवटच्या घोटापर्यंत पिऊन, कप पाण्याने विसळून ते गेले.

धुळूने मग जत्रेत मोबाइल पुढे धरला आणि सुरुवातीचं तेवढं घेतलं. मिळालं तसा निघूनही आला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट बापाचा आवाज सगळ्या जगाने ऐकावा असंच त्याला वाटत होतं. त्याने त्या हाकेभोवती आपलं गाणं बांधलं. आप्पांची हाक यायची, ती तुटायची, मग धुळूच्या ओळी, मग पुन्हा तीच हाक. चित्रीकरण मी केलं, डिंभे धरणाच्या मागच्या बाजूला. गाणं चांगलं होतं. मला रॅप आवडत नाही, तरी म्हणतो, चांगलं होतं.

आमच्या आणि जुन्नरच्या, दोन्ही तालुक्यांत ते गाणं वाऱ्यासारखं पसरलं. कुठल्याही वरातीत डीजेवर तेच. डीजेवाल्यांनी आपापल्या परीने त्याचे तुकडे केले, धुळूच्या ओळी गाळल्या आणि हाक तेवढी पुन्हा पुन्हा ठेवली. त्यावर पोरं उड्या मारायची. धुळूला पुण्याहून बोलावणी यायला लागली. त्याने नवे बूट घेतले आणि चहा पाव कपावर सोडून उठायला लागला.

शिनोलीच्या रस्त्यावर जे झालं ते मी कॅमेरा खांद्यावर घेऊन पाहिलं. वरात चालली होती. समोरून आप्पा मेंढरं घेऊन आले आणि कळप रस्त्याच्या कडेला घेऊन थांबले. डीजेवर हाक सुरू झाली. स्वतःचा आवाज ओळखायला आप्पांना जरा वेळ लागला. हाक जिथे तुटली तिथून पुढे आप्पांनी कानावर हात ठेवला आणि ओवी उचलली. डीजेने पुन्हा पहिल्यापासून हाक दिली, पण आप्पा थांबले नाहीत. गळ्याच्या शिरा ताणून, त्या भिंतीएवढ्या स्पीकरसमोर, ते देवाला पुढे नेत राहिले. लोकांना मोठी गंमत वाटली. म्हाताऱ्याला डीजे चढला म्हणून पोरांनी त्यांच्याभोवती कडं केलं आणि मोबाइल काढले. वरात निघून गेली, तरी आप्पा गातच होते. मेंढरांना पुढे जायची घाई झाली तेव्हा ते गात गातच चालायला लागले.

मग हे नेहमीचं झालं. वाडा नारायणगावच्या अलीकडे बसलेला असायचा, लग्नसराईचे दिवस, कुठल्या ना कुठल्या वस्तीवरून हाक ऐकू यायचीच, आणि आप्पा जेवणावरून उठून ओवी पुरी करायला बसायचे. ओवी संपायच्या आत दुसऱ्या वस्तीवर पुन्हा हाक. धुळूची आई एकदा माझ्यासमोर त्याला म्हणाली, "त्येंच्या डोळ्याला डोळा न्हाई. तुझं त्ये गाणं बंद कर."

धुळूने आपल्याकडचं गाणं काढून टाकलं. पण ते आता कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये, पेनड्राइव्हमध्ये जाऊन बसलं होतं. तो डीजेवाल्यांकडे जाऊन हात जोडून आला. एकाने त्याच्यासोबत फोटो काढून घेतला आणि त्याच संध्याकाळी गाणं वाजवलं. आप्पांना सांगायला गेला तेव्हा मी सोबत होतो. "आता त्ये माज्या हातात न्हाई ऱ्हायलं, आप्पा." आप्पा मेंढराच्या खुरातला काटा काढत होते. म्हणाले, "मग माज्या हातात हाय तवर मी करतो." एवढंच.

धुळूने गाणं सोडलं. पुण्याची बोलावणी आपोआप थांबली. लोकांना दुसरा कोणीतरी मिळाला. तो भाजीपाल्याची पिकअप चालवायला लागला आणि गाडीतला टेप त्याने काढून ठेवला. टेपच्या जागी भोक होतं, त्यात तो फडकं कोंबायचा. माझ्या दुकानासमोरून जायचा, हात करायचा, थांबायचा नाही. अशी बरीच वर्षं गेली.

मग आप्पांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कोकणात वाड्यावरच झालं, आणता आणता वेळ गेला. शिनोलीच्या घरात खाटेवर ते पडून असायचे, डोळे जागे, तोंडातून नुसता घोगरा स्वर. लग्नसराई आली. लांबून हाक ऐकू आली की आप्पांचा डावा हात कानाकडे जायचा आणि तोंड उघडायचं. पुढे काही यायचं नाही. हे पाहवत नसे. मी दोनदा भेटायला गेलो आणि नंतर जाणं टाळलं.

तेव्हा धुळू माझ्याकडे परत आला. केस कमी झालेले, अंगाने भरलेला. उकिडवा बसला आणि म्हणाला, "काका, मागची खोली हाय का अजून? मला गायचंय."

त्याला ओवी पुरी करायची होती. पहिल्यापासून शेवटापर्यंत, स्वतःच्या तोंडाने, आप्पांच्या कानावर पडेल अशी. तीही आप्पा आहेत तोवर. आणि मग तीच सगळीकडे सोडायची, म्हणजे ते जुनं गाणं जिथे जिथे वाजतंय तिथे तिथे हिचा शेवट जाऊन पोचेल. मला हा हिशोब खुळा वाटला, पण त्याच्या तोंडाकडे बघून मी मागची खोली उघडून दिली. अडचण एकच होती. त्याला ओवी येत नव्हती. लहानपणी सुरुवात झाली की तो ढोलाजवळ असायचा आणि पुढे गोष्ट लागली की पोरांबरोबर पाळण्यांकडे पळायचा.

तो गावोगाव फिरला. ज्यांच्या ज्यांच्या मोबाइलमध्ये आप्पांची ओवी होती, त्यांच्याकडून घेऊन आला. सगळ्यांकडे सुरुवातच होती. लोक सुरुवात टिपतात आणि जेवायला जातात. माझ्या जुन्या डिस्कमध्येही तेच निघालं. पुढचा भाग होता तो फक्त वरातीतल्या त्या व्हिडिओंमध्ये, म्हाताऱ्याची गंमत म्हणून काढलेल्या.

धुळू ते हेडफोन लावून ऐकायचा. डोळे मिटून, तासन्‌तास. मी एकदा एक बाजू कानाला लावून पाहिली. स्पीकरवर हाक आणि धुळूचे ढोल धडाधड चालले होते, आणि त्याच्याखाली, फार खाली, आप्पांचा जिवंत आवाज होता. एक शब्द यायचा, दोन बुडायचे. "माजंच गाणं आप्पांच्या वर बसलंय, काका," धुळू म्हणाला. "मलाच मला हटवता येईना झालंय." मी चहा मागवला. त्याने तो पूर्ण प्यायला. परत आल्यापासून तो सगळे चहा पूर्ण प्यायचा.

भागाला त्याने घाटघरहून पिकअपमध्ये घालून आणलं. आम्हाला वाटलं, आयुष्यभर साथ केली, त्याला सगळं येत असणार. भागा खाटेशेजारी बसला, आप्पांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ नुसता रडला. मग म्हणाला, "मला येतंय समदं. पर कोंडिबानं टाकली तर. त्येनं वळ टाकली की शेपूट माज्या तोंडात आपुआप येतंय. मला पहिली टाकता येत न्हाई. कंदी टाकलीच न्हाई."

तरी ते बसले. तिघं. रोज पिकअपची खेप संपली की धुळू जायचा. व्हिडिओतून मिळालेला शब्द घ्यायचा, त्याच्याभोवती अंदाजाने ओळ बांधायची आणि आप्पांसारखी टाकायची. बरोबर असली की भागाच्या तोंडून शेपूट निघायचं आणि आप्पांचा डावा हात खाटेच्या माच्यावर एकदा पडायचा. चुकली की हात घाईघाईने आपटत राहायचा. असं करत करत त्यांनी देवाला घरातून काढलं, वेशीबाहेर आणलं, एक डोंगर ओलांडला. मी एका दुपारी गेलो तेव्हा धुळू एकच ओळ वेगवेगळ्या तऱ्हेने टाकत होता आणि आप्पांचा हात आपटत होता. मग एकदम हात थांबला, एकदाच पडला. भागा हसला. धुळू जमिनीवर डोकं टेकवून तसाच राहिला. त्याला इतक्या आनंदात मी गॅदरिंगलाही पाहिलं नव्हतं, आणि मलाही वेड्यासारखं वाटून गेलं की होईल, हे होईल.

नदीपाशी अडलं. नदीच्या पुढचं व्हिडिओत काहीच नव्हतं. वराती तेवढ्यात निघून जायच्या. धुळू मनाने ओळी रचायचा, त्याचा तो हातखंडा होता, पण भागाच्या तोंडून काही निघायचं नाही. आप्पांचा हात आधी आपटायचा. मग हळू आपटायला लागला. मग प्रत्येक ओळीला एकदाच पडायला लागला, बरोबर असो की चूक. धुळूने मुद्दाम चुकीची ओळ टाकून पाहिली. हात एकदाच पडला. त्याने भागाकडे पाहिलं. भागा खाली बघत होता.

थोड्या दिवसांनी आप्पा गेले. अंत्यविधीला घोड नदीच्या काठी मी होतो.

त्याने नदीपर्यंतची ओवी माझ्या मागच्या खोलीत गाऊन ठेवली. भागाने साथ केली. धुळूचा आवाज आता आप्पांसारखा चिरका झाला होता आणि पहिली हाक ऐकताना मी मशीनच्या काट्याकडे बघायचं विसरलो. त्याने ती लोकऱ्या या नावानेच सोडली. फार कुणी ऐकली नाही. खाली दोघाचौघांनी लिहिलं होतं की हे काय रडगाणं, जुनं टाक की भाऊ. भागाही पुढच्या पावसाळ्यात गेला.

मी धुळूला शेवटचं पाहिलं ते शिनोलीच्याच रस्त्यावर. एका लग्नाच्या कामावर होतो, वरात चालली होती. समोरून त्याची पिकअप आली, मागे मेंढरं होती. त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून उभा राहिला. डीजेवर आप्पांची हाक सुरू झाली. पोरं उड्या मारायला लागली. हाक तुटली तिथून धुळूचे ओठ हलायला लागले. कानावर हात नाही, आवाजही नाही, नुसते ओठ. स्पीकर पुन्हा पुन्हा हाक देत होता, आणि हा आपला वेशीतून, डोंगरावरून पुढे चालला होता. वरात वळणापलीकडे गेली. मग त्याचे ओठ थांबले.

मी जवळ गेलो. विचारलं, "झाली का पुरी?"

"नदीवर आणून सोडलाय देवाला," तो म्हणाला. "उतार कुठं हाय, पाणी कुठनं वलांडायचं, त्ये आप्पांना ठावं व्हतं."

वळणापलीकडून पुन्हा हाक आली. त्याने मान हलवली आणि रस्त्याच्या कडेला पहिल्यापासून सुरुवात केली. मागे गाडीत मेंढरं ओरडत होती. मला वरातीबरोबर जायचं होतं, मी कॅमेरा उचलून निघालो.